घरातला एकच फोन आणि चार वर्षांचं बोट

तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी चहा घेऊन आडवा होतो. फोन उशाशी, चार्जिंगला. दुपारी घरातलं चार वर्षांचं पोर तो हळूच काढून घेतं, कार्टून बघतं, इकडेतिकडे बोटं फिरवतं आणि होता तिथे ठेवून देतं. संध्याकाळी हा माणूस विरारला जायला बोईसर स्टेशनवर येतो, डहाणूहून येणारी लोकल दिसायला लागते, आणि फोनमध्ये तिकिटाचं अ‍ॅपच नसतं. पासही त्यातच होता. स्क्रीनशॉट दाखवून टीसी ऐकत नाही. आधीच्या यूटीएस अ‍ॅपसारखंच २०२५ साली आलेल्या रेलवनमध्येही कागदाशिवायचं तिकीट अ‍ॅप उघडूनच दाखवावं लागतं.

मग घरी फोन जातो, "कोणी डिलीट केलं?" पोर म्हणतं, मी नाही. ते खोटं बोलत नसतं. आपण काही डिलीट केलं हे त्याला ठाऊकच नसतं.

फोन तयार करणाऱ्यांनी एक फोन म्हणजे एक माणूस असं धरलेलं असतं. पालघर-बोईसरच्या कितीतरी घरांत तोच फोन वडिलांचा पाळीचा ग्रुप, आईचा बचत गट, मोठीचा अभ्यास आणि धाकट्याचं कार्टून असं सगळं सांभाळतो. ‘मुलांसाठी सुरक्षा’ या नावाने मिळणारे बहुतेक सल्ले मुलाच्या हातात वेगळा फोन आहे असं समजून दिलेले असतात. इथे आपण एकाच फोनचं बघू.

आधी मूल नेमकं काय करतं ते पाहायला हवं. मोठा माणूस आयकॉनवर टिचकी मारतो. लहान मूल बोट टेकवतं आणि टेकवूनच ठेवतं, कारण त्याला चित्र पकडायचं असतं. साधारण अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ बोट टेकलं की अँड्रॉइड त्याला ‘दाबून धरणं’ समजतो. तिथून पुढे फोनचं वागणंच बदलतं. आयकॉन सुटा होतो, वर ‘रिमूव्ह’, ‘अनइन्स्टॉल’ असे शब्द येतात किंवा छोटा मेनू उघडतो. मूल ते चित्र ओढत वर नेतं. फोन विचारतो, हे अ‍ॅप काढायचं का? खाली दोन बटणं. वाचता न येणाऱ्याला ती दोन रंगीत जागा दिसतात, आणि त्यातली एक तो दाबतोच. अपघात म्हणतो तो एवढाच, तीनचार सेकंदांचा.

एकदा पोराच्या शेजारी बसून न बोलता बघा, त्याचं बोट किती वेळ टेकलेलं राहतं ते. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

‘अ‍ॅप गेलं’ म्हणजे प्रत्येक वेळी ते गेलेलंच असतं असं नाही. कधी फक्त समोरच्या पडद्यावरचं चित्र निघालेलं असतं. अशा वेळी पडदा खालून वर सरकवला की सगळ्या अ‍ॅप्सची यादी दिसते, त्यात शोधावं. तिथे सापडलं तर ते दाबून धरून पुन्हा बाहेर आणायचं, काम संपलं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये मात्र अशी वेगळी यादी नसते, सगळी अ‍ॅप्स समोरच मांडलेली असतात. तिथे चित्र काढणं म्हणजे अ‍ॅपच काढणं. दुसऱ्या प्रकारात पोराचा काहीच दोष नसतो. फोनची जागा भरत आली की न वापरलेली अ‍ॅप्स प्ले स्टोअर स्वतःच आवरून ठेवतो. ही सोय २०२३ पासून आहे. त्या अ‍ॅपचं चित्र फिकट होतं, त्यावर ढगाची खूण दिसते. चित्रावर टिचकी मारली की अ‍ॅप परत उतरतं आणि आतली माहिती जशीच्या तशी असते. खरं अनइन्स्टॉल हे तिसरं, आणि त्याचीच भीती बाळगायची.

पण ती भीतीसुद्धा सगळ्या अ‍ॅप्सबद्दल सारखी नको. अ‍ॅप म्हणजे एमआयडीसीतला गाळा समजा. काहींचा माल गाळ्यात नसतोच, दूरच्या गोदामात असतो. बँकेचं अ‍ॅप, फोनपे, गूगल पे, भीम यांचे पैसे तुमच्या बँकेत असतात. अ‍ॅप उडालं तरी रुपया हलत नाही. पुन्हा टाकायचं, त्याच सिमवरून पडताळणीचा मेसेज जाऊ द्यायचा, खातं जोडायचं. यूपीआय पिन तोच चालतो. अडचण एकाच ठिकाणी येते. रिचार्ज संपलेला असेल तर तो मेसेज जात नाही, आणि दुकानात उभं राहून हे कळतं. यूपीआय लाईटची गोष्ट जरा वेगळी. पिनशिवाय वीसपन्नास रुपये देता यावेत म्हणून त्यात वेगळी ठेवलेली रक्कम त्या फोनशी बांधलेली असते. तिची मर्यादा आता ५,००० रुपये आहे. ते पैसे बुडत नाहीत, पण परत मिळवायला खटपट पडू शकते. ज्या फोनशी पोर खेळतं त्यात लाईटमध्ये शेदोनशेच ठेवा.

ज्यांचा माल गाळ्यातच असतो त्या अ‍ॅप्सचं खरं नुकसान होतं. साध्या नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये लिहिलेला उधारीचा हिशेब, खेळातल्या पार केलेल्या पातळ्या, शेतात रेंज नसताना भरलेली आणि अजून अपलोड न झालेली ई-पीक पाहणीसारखी माहिती, हे सगळं अ‍ॅपबरोबर जातं. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला एक खासगी कप्पा देतो, आणि अ‍ॅप काढलं की तो कप्पाही पुसतो. जव्हार-मोखाड्याकडे जिथे डोंगर आडवा आला की रेंज जाते, तिथे माहिती भरल्या दिवशीच, गावात उतरल्या उतरल्या अपलोड केलेली बरी.

व्हॉट्सअ‍ॅप या दोन्हींच्या मध्ये येतं. गूगलवर बॅकअप चालू असेल तर जुने मेसेज परत येतात, नसेल तर त्यावर पाणी सोडावं लागू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, त्यात ‘चॅट बॅकअप’, आणि तिथे ‘दररोज’ निवडा. अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर, नंबर पडताळला की ते विचारतं, जुनं परत आणू का? इथे घाईत ‘नको’ दाबणारे खूप जण असतात. एकदा वगळून पुढे गेलात की नवा बॅकअप जुन्यावर चढायला वेळ लागत नाही.

आता ज्या गाठीशी बहुतेकांची गाडी अडते तिच्याकडे येऊ. फोन घेताना दुकानदाराने जीमेल काढून दिलेलं असतं. नाव त्याने सुचेल ते टाकलं, पासवर्ड त्याच्या एखाद्या वहीत असेल किंवा नसेलही. त्या दिवशी सोय वाटली, कारण बॉक्स फोडल्यावर दहा मिनिटांत फोन चालू हवा होता. पण उडालेली अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, फोनमधले नंबर, सगळं त्या खात्यावर बांधलेलं असतं. फोन हरवला किंवा रिसेट करावा लागला की ते खातं परक्याचं होऊन बसतं.

म्हणून फोन हातात आहे आणि खात्यात लॉगिन आहे तोवर हे काम उरकून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’, त्यात आपल्या खात्याचं नाव, मग ‘सिक्युरिटी’ किंवा ‘सुरक्षा’. रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर दिलाय तो पाहा. दुकानदाराचा असेल तर आपला टाका, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाचाही. पासवर्ड माहीत नसेल तर ‘पासवर्ड विसरलो’ ही वाट घ्या. आपलाच फोन असल्याने पडद्याचं कुलूप उघडून किंवा नंबरवर आलेल्या कोडने बहुतेक वेळा नवा पासवर्ड ठरवता येतो. तो वहीत लिहून ठेवा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली तरी चालेल. पासवर्ड कागदावर लिहू नये असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा तीन फोन असतात.

मग कुलूप. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं म्हणजे पडद्याची मांडणी पक्की करणं. समोरच्या पडद्यावर मोकळ्या जागी बोट दाबून धरा, ‘होम स्क्रीन सेटिंग्ज’ उघडा, आणि तिथे ‘लॉक होम स्क्रीन लेआउट’ चालू करा. सॅमसंग, शाओमी, ओप्पो, रियलमी यांच्या फोनमध्ये ही सोय या किंवा अशाच नावाने सापडते. गूगलच्या पिक्सेलसारख्या साध्या अँड्रॉइडमध्ये सापडत नाही. चालू केल्यावर एखादं बिनकामाचं अ‍ॅप स्वतः दाबून धरून पाहा. काही फोनमध्ये अनइन्स्टॉलही थांबतं, काहींत नुसतं चित्र हलायचं थांबतं. सेटिंग्ज किंवा प्ले स्टोअरमधून अ‍ॅप काढायची वाट उघडीच राहते, पण चार वर्षांचं पोर तिकडून जात नाही. आठ वर्षांचं जातं.

दुसरी युक्ती फारशी कुणाला माहीत नसते. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली ‘टच अँड होल्ड डिले’ म्हणजे किती वेळ दाबलं की ‘दाबून धरलं’ समजायचं, ते ठरवता येतं. ही सोय हात थरथरणाऱ्यांसाठी केलेली आहे. ‘लाँग’ निवडलं की अर्ध्या सेकंदाचा दीड सेकंद होतो. मोठ्यांना पहिले दोन दिवस फोन मंद झाल्यासारखा वाटतो, मग सवय होते. लहान बोटाला दीड सेकंद एका जागी राहणं जड जातं.

फोन देतानाच पोराला एका अ‍ॅपमध्ये कोंडून ठेवायचं असेल तर ‘अ‍ॅप पिनिंग’ आहे, २०१४ पासून अँड्रॉइडमध्ये. कंपन्या ते वेगवेगळ्या ठिकाणी दडवतात, म्हणून सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘पिन’ असं टाइप करून बघा. चालू करताना ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हेही चालू करा, नाहीतर काही उपयोग नाही. मग कार्टूनचं अ‍ॅप उघडायचं, अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी काढायची, त्या अ‍ॅपच्या चिन्हावर टिचकी मारून ‘पिन’ निवडायचं. आता कुठेही दाबलं तरी पोर त्याच अ‍ॅपमध्ये राहतं. यूट्यूबच्या आत मात्र ते कुठूनही कुठेही जाऊ शकतं, ते पिनिंग थांबवत नाही.

रोजचंच असेल तर मुलासाठी वेगळी खोली काढून द्यावी. सॅमसंगमध्ये ‘सॅमसंग किड्स’, ओप्पो-रियलमीत ‘किड स्पेस’. साध्या अँड्रॉइडमध्ये ‘मल्टिपल युजर्स’ असतं, त्यात पाहुण्याच्या नावाने फोन उघडून द्यायचा. पाहुण्याने काहीही उडवलं तरी मालकाच्या बाजूची अ‍ॅप्स जागच्या जागी राहतात. गूगलचं ‘फॅमिली लिंक’ मुलाचा स्वतःचा फोन असेल तेव्हासाठी आहे. वडिलांच्या फोनवर ते बसवायच्या फंदात पडू नका.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे. सेटिंग्ज, ‘स्क्रीन टाइम’, त्यात ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’, त्यातल्या खरेदीच्या भागात ‘डिलीटिंग अ‍ॅप्स’, आणि तिथे परवानगी काढून घ्यायची. स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड द्यायचा. अँड्रॉइडमध्ये इतकं सरळ एकच बटण असायला काय हरकत होती, कोण जाणे.

प्ले स्टोअरवर ‘अ‍ॅप लॉक’ नावाची ढीगभर अ‍ॅप्स आहेत. त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. त्यांना फोनभर बघायची परवानगी द्यावी लागते, बदल्यात जाहिराती मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ‘लॉकवालं’ म्हणून एपीके फाइल पाठवली तर ती उघडूच नका.

एवढं करूनही काही उडालंच, तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी, ‘मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस’, मग ‘मॅनेज’. तिथे ‘इन्स्टॉल्ड’ असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारून ‘नॉट इन्स्टॉल्ड’ करा. या खात्यावरून आजवर टाकलेली आणि आता नसलेली सगळी अ‍ॅप्स तिथे दिसतात. काय गेलं हेच आठवत नसेल तर ही यादी फार कामाची. दुसरं खातं निवडलेलं असेल तर ती भलतीच दिसते, एवढं बघा. आणि गाडी समोर आलेली असेल तर हे सगळं राहू द्या, खिडकीवरून किंवा एटीव्हीएम यंत्रावरून तिकीट काढा.

राहिला पडद्याच्या कुलपाचा प्रश्न. पिनिंग असो की मांडणी, सगळं शेवटी त्या एका कुलपावर टेकलेलं आहे. पॅटर्न ठेवलात तर काच जरा तिरकी धरली की तेलकट बोटाची रेघ स्पष्ट दिसते, आणि सहा वर्षांच्या पोराला ती ओळखायला एक दुपार पुरते. सहा आकडी पिन लावा. तो त्याच्या वाढदिवसाचा नको, तो आकडा त्याला पाठ असतो.