कॉटरीचा करंट मोजायचा कसा? साधा मीटर इथे का फसतो

(या भागाचं लिखित रूप. बोलताना सुटलेले एक-दोन आकडे लिहिताना घातले आहेत.)

आजचा विषय आमच्या घरातून आलाय. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन मावळातल्याच एका हॉस्पिटलमध्ये झालं. ऑपरेशन छान झालं, पण दुसऱ्या दिवशी मांडीवर रुपयाच्या नाण्याएवढा भाजल्याचा डाग दिसला. ऑपरेशन पोटाचं आणि भाजली मांडी? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "तिथे कॉटरीची प्लेट लावली होती, बहुधा तिची कड सुटली असेल." डाग पंधरा दिवसांत गेला, पण माझ्या डोक्यातला प्रश्न काही जाईना.

आधी कॉटरी म्हणजे काय

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात पेनासारखं एक हत्यार असतं. त्याच्या टोकातून करंट जातो, पेशी कापल्या जातात आणि रक्तही थांबतं. १ ऑक्टोबर १९२६ ला बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग या सर्जनने विल्यम बोवीने बनवलेलं असं यंत्र ऑपरेशनमध्ये वापरलं, आणि तिथून ते जगभर गेलं.

आता तुम्ही म्हणाल, अंगातून करंट जातो तर शॉक का बसत नाही? लोणावळ्याचं उदाहरण घेऊ. भुशी डॅमवर आपण सगळेच जातो. पण तिथल्याच वळवण तलावाचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरतं आणि टाटांच्या वीजकेंद्रात १९१५ पासून वीज बनवतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या नसा आणि स्नायू या वेगाला लगेच दाद देतात, म्हणून झटका बसतो. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये दार्सोनवाल यांनी दाखवलं, की साधारण १० हजार हर्ट्झच्या वर गेलं की स्नायू आकसत नाहीत, फक्त उष्णता तयार होते. कॉटरी चालते ३ ते ५ लाख हर्ट्झच्या आसपास. नसेला कळायच्या आत करंटची दिशा उलटलेली असते.

मग भाजतं कुठे?

करंट पेनाच्या टोकातून आत जातो आणि मांडीवरच्या प्लेटमधून मशीनकडे परत येतो. दोन्हीकडे करंट तेवढाच, फरक जागेचा. प्लेट १०० चौरस सेंटिमीटर धरा, आणि टोक ०.१. म्हणजे टोकापाशी करंटची दाटी १००० पट. उष्णता दाटीच्या वर्गावर वाढते, म्हणून ती १० लाख पट. टोकापाशी पेशी कापली जाते, प्लेटखाली साधी ऊबही जाणवत नाही.

आता प्लेट सुटली आणि नाण्याएवढी, म्हणजे साधारण ४ चौरस सेंटिमीटर जागाच चिकटून राहिली तर? दाटी २५ पट, उष्णता ६२५ पट. आईच्या मांडीवरच्या डागाचं गणित एवढंच आहे.

म्हणून बऱ्याच मशीनमध्ये दोन भागांची प्लेट वापरतात. मशीन दोन भागांमधला रोध सतत तपासत राहतं. चिकटलेली जागा कमी झाली की अलार्म वाजतो आणि करंट बंद होतो.

साधा मल्टीमीटर का चालत नाही

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. मशीनवर ३०० वॉट लिहिलंय आणि ३०० ओहमच्या लोडवर ते खरंच तेवढं देत असेल, तर करंट १ अँपिअर यायला हवा. लावा मीटर, बघा! पण नाही जमत. त्याला तीन कारणं.

पहिलं, साधा मीटर ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. ५ लाख हर्ट्झला तो काहीही आकडा दाखवतो.

दुसरं, लोड. तार गुंडाळून केलेला रेझिस्टर ही मुळात कॉइलच असते. तिचा इंडक्टन्स फक्त १० मायक्रोहेन्री असला, तरी ५ लाख हर्ट्झला ३१ ओहमचा जादा अडथळा येतो. म्हणून इथे नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टरच लागतो.

तिसरं, आणि सगळ्यात फसवं, म्हणजे करंटचा आकार. 'कट' मोडमध्ये लहर अखंड असते. रक्त थांबवायच्या 'कोॲग' मोडमध्ये करंट तुकड्यातुकड्यांनी येतो. समजा तो १०० पैकी फक्त ६ भाग वेळ चालू आहे आणि तेव्हाचं शिखर २ अँपिअर आहे. उष्णतेच्या हिशेबाने खरा करंट, म्हणजे आरएमएस, ०.३५ अँपिअर येतो. सरासरी काढून अंदाज बांधणारा मीटर दाखवेल ०.०८५. म्हणजे चौपट कमी! आणि पॉवर वर्गाने जाते, त्यामुळे तिथे चूक सोळा पटींची.

मग मोजतात कसा?

तार एका फेराइटच्या कड्यातून नेतात आणि कड्यावर दुसऱ्या तारेचे, समजा, १०० वेढे देतात. तारेतून १ अँपिअर गेला की वेढ्यांत १० मिलिअँपिअर येतो. तो ५० ओहममधून नेला की ०.५ व्होल्ट मिळतात. याला म्हणतात करंट ट्रान्सफॉर्मर. मोठा फायदा असा, की मशीनच्या सर्किटला कुठेही थेट हात लागत नाही. ऑसिलोस्कोपची अर्थची क्लिप सरळ आउटपुटला लावली, तर मुद्दाम जमिनीपासून वेगळं ठेवलेलं सर्किट जमिनीला जोडलं जातं. मग मापही चुकतं आणि धोकाही वाढतो.

पुढचं काम सॉफ्टवेअरचं. सेकंदाला लाखो नमुने घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा, सरासरी काढायची, वर्गमूळ घ्यायचं. कोड चार ओळींचा आहे. पण नमुने कमी घेतले, तर कोॲगची टोकदार शिखरं निसटतात आणि मशीन आहे त्यापेक्षा गरीब वाटतं.

गळती

शेवटचं माप गळतीचं. केबल आणि बाजूची धातूची वस्तू यांच्यात १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. ५० हर्ट्झला तो अडथळा ३ कोटी ओहमच्या वर, म्हणजे जवळजवळ भिंतच. ५ लाख हर्ट्झला तोच उरतो सुमारे ३,२०० ओहम! इन्सुलेशन शाबूत असूनही करंट पलीकडे जातो. म्हणूनच कॉटरीची केबल धातूच्या चिमट्याला गुंडाळू नये. आयईसी ६०६०१-२-२ या मानकात २०० ओहमच्या लोडमधून मोजलेल्या गळतीला १५० मिलिअँपिअरची मर्यादा आहे.

आपण काय करायचं?

घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं तर घाबरू नका. अंगावरचे दागिने काढा. पेसमेकर किंवा हाडात धातूची प्लेट असेल तर आधीच सांगा. नंतर प्लेटच्या जागी लाली किंवा फोड दिसला तर लगेच दाखवा. आणि हो, "कॉटरी मशीनची शेवटची तपासणी कधी झाली?" हे विचारायला लाजू नका. मी आईच्या फॉलोअपला विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मशीन दाखवलं, मागचं स्टिकर वाचलं आणि तारीख उलटून गेलीये म्हणून तिथल्या तिथे फोन लावला.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!