फोटोंचा पिक्चर कसा करावा?

स्लाइड शो कोणाला करता येत नाही? फोल्डरमधले फोटो उचला, सॉफ्टवेअरमध्ये टाका, एक गाणं लावा आणि बटण दाबा. दहा मिनिटांत व्हिडिओ तयार! गेल्या वर्षापर्यंत मलाही असंच वाटत होतं. पण वर्कशॉपच्या मामांच्या निरोप समारंभाचं काम अंगावर आलं आणि डोळे उघडले. त्या बारा दिवसांत जे शिकलो, ते इथे सांगतो. कोणाला तरी नक्कीच उपयोगी पडेल.

मामांना कोण ओळखत नाही? पहिल्या वर्षी फिटिंगच्या जॉबच्या चारही बाजू काटकोनात आणताना ज्याचे हात सोलवटले नाहीत असा आपल्यात कोणी नसेल. आणि "अरे, पुढे ढकलताना दाब दे, मागे ओढताना नको," हे मामांनी ज्याला सांगितलं नाही, असाही कोणी नसेल. ते निवृत्त होणार, तेव्हा समारंभात पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा असं ठरलं. "तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना, मग तूच कर!" झालं. निवड बिनविरोध.

पहिली अडचण म्हणजे मामांचे फोटोच नव्हते. सगळ्यांचे फोटो काढून देणारा माणूस स्वतः फोटोत कुठून असणार? शेवटी सापडले ते डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये. दर वर्षी सेंडऑफला काढलेला ग्रुप फोटो तिथे फ्रेम करून लावलेला असतो. १९९५ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक फोटोत, शेवटच्या ओळीत, उजव्या टोकाला मामा उभे आहेत. २०२० आणि २०२१ ला लॉकडाऊनमुळे ग्रुप फोटो झालेच नाहीत. म्हणजे एकूण २८.

मोबाइलने फ्रेमचेच फोटो काढले, सॉफ्टवेअरमध्ये टाकले, एक दणदणीत फिल्मी गाणं लावलं. एक फोटो पान उलटल्यासारखा जातोय, दुसरा चांदणी फुटून येतोय, तिसरा बदामाच्या आकारातून उघडतोय. मी जाम खूश. रात्री रूममेटला दाखवलं. त्याने शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "भारी आहे रे. पण यात मामा कुठे आहेत?"

पुन्हा पाहिलं तर खरंच नव्हते! फोटोचं प्रमाण ३:२ आणि स्क्रीनचं १६:९. पडदा पूर्ण भरण्यासाठी सॉफ्टवेअरने प्रत्येक फोटो वरून आणि खालून कापला होता. वरून कापली गेली ती शेवटची ओळ. मामांच्या निरोपाच्या व्हिडिओत मामांचंच डोकं उडालेलं! तेव्हा कळलं, की आपण फोटो नुसते हलवले, पण बघणाऱ्याने कुठे बघायचं हे ठरवलंच नाही.

आधी थोडा इतिहास

स्थिर चित्रांतून गोष्ट सांगणं हे काही कॉम्प्युटरचं देणं नाही. आपल्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, आणि सोबत निवेदन व संगीत. सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गोष्ट!

फोटोवरून कॅमेरा फिरवण्याचं गाजलेलं जुनं उदाहरण म्हणजे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा १९५७ चा 'सिटी ऑफ गोल्ड' हा लघुपट. कॉलिन लो आणि वुल्फ केनिग या दिग्दर्शकांनी सोन्याच्या शोधात डॉसन शहरात लोटलेल्या गर्दीची गोष्ट जुन्या फोटोंवरून सांगितली. हे तंत्र घराघरांत पोचवलं ते अमेरिकेच्या केन बर्न्सने, १९९० च्या 'द सिव्हिल वॉर' या नऊ भागांच्या मालिकेतून. ते युद्ध १८६१ ते १८६५ चं. तेव्हा मूव्ही कॅमेराच नव्हता, होते ते फक्त फोटो. मग सैनिकांच्या रांगेवरून कॅमेरा हळूहळू सरकतो आणि एका चेहऱ्यावर येऊन थांबतो. २००३ मध्ये ॲपलने आपल्या आयमूव्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय दिली आणि तिला नावच दिलं 'केन बर्न्स इफेक्ट'.

दोन चौकटी

या इफेक्टमागचं गणित ऐकाल तर हसाल. फोटोवर १६:९ प्रमाणाच्या दोन चौकटी आखायच्या. एक सुरुवातीची, एक शेवटची. पहिल्या चौकटीपासून दुसरीपर्यंत जाताना मधल्या प्रत्येक फ्रेमसाठी एक चौकट काढायची, तेवढा भाग कापायचा आणि स्क्रीनच्या मापाचा करायचा. चौकट लहान होत गेली तर झूम इन, मोठी होत गेली तर झूम आउट, मापात तेवढीच राहून सरकली तर पॅन. बस, एवढंच!

खरं काम आहे ते या दोन चौकटी कुठे आखायच्या हे ठरवण्याचं. मोठ्या चौकटीकडून लहान चौकटीकडे गेलात तर तुम्ही म्हणता, 'या गर्दीत हा माणूस बघा.' उलट गेलात तर म्हणता, 'हा माणूस बघा, आणि आता तो कुठे उभा आहे ते बघा.' फोटो तोच, गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअर आपोआप चौकटी आखतं तेव्हा त्याला मामा माहीत नसतात. म्हणून पहिला नियम: ऑटोमॅटिक बंद करा आणि प्रत्येक फोटोच्या चौकटी स्वतः आखा. आणि काही सांगायचं नसेल तर फोटो सरळ स्थिर ठेवा. हललाच पाहिजे असा काही कायदा नाही.

किती जवळ जायचं?

फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. तुमची लहान चौकट मूळ फोटोत १९२० पिक्सेलपेक्षा कमी रुंदीची झाली, की चित्र ताणलं जातं आणि धूसर दिसतं. म्हणजे जास्तीत जास्त झूम = फोटोची रुंदी भागिले १९२०. नेहमीचा ६ इंच रुंद प्रिंट ३०० डीपीआयने स्कॅन केला तर १८०० पिक्सेल मिळतात. झूम सोडाच, स्क्रीनसुद्धा भरत नाही! ६०० ने केला तर ३६००, म्हणजे १.८७ पट जवळ जाता येतं.

आमचे ग्रुप फोटो १२ × ८ इंचांचे. शिपाईकाकांना मस्का मारून सगळ्या फ्रेम उतरवल्या, मागचे खिळे काढले आणि लायब्ररीच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन केले. मोबाइलने काच चमकते आणि फोटो तिरका येतो, म्हणून हा उपद्व्याप. मिळाले ७२०० × ४८०० पिक्सेल. ७२०० भागिले १९२०, म्हणजे ३.७५ पट. साठ-सत्तर जणांच्या गर्दीतला एक चेहरा दिसायला एवढं पुरतं. अर्थात प्रिंटमध्ये मुळात जेवढा तपशील आहे, त्यापेक्षा जास्त कुठलाच स्कॅनर देऊ शकत नाही.

इथे एक मोह झाला, तोही सांगतो. १९९५ ते २००० चे चेहरे अस्पष्ट होते, म्हणून फोटो आपोआप स्वच्छ करणारं एक एआय टूल वापरून पाहिलं. चेहरा चकचकीत आला, पण मामांचा नाही! कोणीतरी त्यांचा चुलतभाऊ वाटावा असा. टूलला माहीत नसलेला तपशील ते मनाने भरतं. म्हटलं, नको. धूसर असले तरी चालतील, पण मामाच असले पाहिजेत.

थरथर आणि हिसका

दुसऱ्या ट्रायलला चित्र हळू सरकताना थरथरत होतं. कारण शोधलं तर साधं निघालं. समजा ५ सेकंदांत चौकट ४० पिक्सेल सरकवायची आहे. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एकूण १२५ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला ०.३२ पिक्सेल. पण प्रोग्रॅम चौकटीची जागा पूर्णांकात घेत असेल, तर चित्र तीन फ्रेम जागेवर राहतं आणि मग एकदम एक पिक्सेल उडी मारतं. तीच थरथर. एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या झूमपॅन फिल्टरमध्ये हा अनुभव हमखास येतो. उपाय म्हणजे फोटो आधी चौपट मोठा करून घ्यायचा. मग उडी पाव पिक्सेलची होते आणि डोळ्याला जाणवत नाही. वेळ जास्त लागतो, पण रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायला आपल्याला काय कोणी शिकवायला पाहिजे?

हिसका दोन ठिकाणी बसतो. एक, सुरुवातीला आणि शेवटी. चौकट एकाच वेगाने गेली तर ती ब्रेक फेल झाल्यासारखी सुटते आणि भिंतीवर आपटल्यासारखी थांबते. वेग शून्यापासून वाढत जाऊन परत शून्यावर यायला हवा. वेळ ० ते १ मध्ये मोजली, तर तिच्या वर्गाची तिप्पट वजा तिच्या घनाची दुप्पट, एवढं अंतर कापायचं. याचं डेरिव्हेटिव्ह ० ला आणि १ ला शून्य येतं, करून बघा. एम-वन अगदीच वाया गेलं नाही तर!

दुसरा हिसका झूमचा. दुपटीवरून एक पटीवर ४ सेकंदांत यायचं असेल, तर आपण दर सेकंदाला ०.२५ वजा करतो. पहिल्या सेकंदात २ चे १.७५ होतात, म्हणजे साडेबारा टक्के घट. शेवटच्या सेकंदात १.२५ चा १ होतो, म्हणजे वीस टक्के. डोळ्याला फरक नाही तर गुणोत्तर कळतं, त्यामुळे कॅमेरा शेवटी पळाल्यासारखा वाटतो. म्हणून वजाबाकीऐवजी दर सेकंदाला १.१९ ने भागा. झूम एकसारखा वाटेल.

केरवा आणि अर्धी फ्रेम

आता संगीत. फिल्मी गाणं काढून टाकलं. एक तर रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असतात आणि व्हिडिओ नेटवर टाकला की आवाज बंद होऊ शकतो. शिवाय शब्द आले की लोक गाणं ऐकतात, फोटो बघत नाहीत. आमच्या विंगमधल्या तबलजीला पकडलं, मेट्रोनोम ९६ वर लावला आणि रूमच्या दारं-खिडक्यांना गाद्या लावून केरवा रेकॉर्ड केला.

९६ च का? मिनिटाला ९६ मात्रा म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदाची. केरव्याच्या आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांत पूर्ण होतं! फोटो समेवर बदलला तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण बरं वाटतं. घाई हवी असेल तर समेवर आणि खालीवर, म्हणजे दर अडीच सेकंदांनी बदला.

इथेच मी फसलो. २.५ गुणिले २५ म्हणजे ६२.५ फ्रेम. अर्धी फ्रेम तर नसते, म्हणून प्रत्येक फोटोला ६३ दिल्या. सुरुवातीला सगळं ठीक. पण ३० फोटोंनंतर १५ फ्रेमचा फरक साठला, म्हणजे ०.६ सेकंद. जवळजवळ अख्खी एक मात्रा! तबला समेवर आणि फोटो भलतीकडेच. इन्स्ट्रुमेंटेशनच्या तासाला साठत जाणारी चूक शिकलो होतो, ती अशी भेटली. मग सेकंदाला २४ फ्रेम घेतल्या. प्रत्येक फोटोला बरोबर ६०. प्रश्न मिटला.

शेवटी मामा

आता मुख्य भाग. प्रत्येक फोटोत मामांच्या दोन डोळ्यांची जागा माउसने नोंदवली. डोळ्यांमधलं अंतर स्क्रीनवर ९० पिक्सेल यावं एवढा फोटो लहान-मोठा केला, डोळ्यांची रेषा आडवी होईल एवढा फिरवला आणि दोन्ही डोळ्यांचा मध्यबिंदू सगळ्या फोटोंत एकाच जागी आणला. आजूबाजूची मुलं बदलतात, भिंतीचा रंग बदलतो, मामा मात्र जागेवर. फक्त केस पिकत जातात आणि २००९ मध्ये चष्मा येतो. ना पान उलटणं, ना चांदणी, ना बदाम. वर्षाचा आकडा आणि चेहरा, बस. २०२० आणि २०२१ साठी पडदा काळा ठेवला. त्या ५ सेकंदांत नुसता आकडा आणि तबला. ३० वर्षं, ७५ सेकंद, पंधरा आवर्तनं. आणि २०२४ च्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यावरून दोन आवर्तनं मागे मागे येत जातो, पूर्ण ग्रुप दिसेपर्यंत.

समारंभात आधी थोडा गोंगाट होता. तिसऱ्या-चौथ्या चेहऱ्यानंतर हॉल शांत झाला. दिवे लागले तेव्हा मामा उठून म्हणाले, "शेवटचा फोटो परत लाव रे." लावला. जवळ जाऊन स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाले, "हा बघ, याने वेल्डिंगला हात भाजून घेतला होता. आणि हा शेजारचा, याचा जॉब कधी काटकोनात आलाच नाही!" स्वतःकडे त्यांनी पाहिलंच नाही.

समारंभ संपल्यावर २०२१ च्या बॅचचा एक दादा आला. म्हणाला, "आमची जागा काळी का ठेवलीस? म्हणजे बरोबरच आहे म्हणा." मग त्याने आपल्या बॅचच्या आलेल्या चौघांना गोळा केलं आणि वर्कशॉपच्या दारात मामांबरोबर फोटो काढला. मामा सवयीने उजव्या टोकाला जायला लागले, तर त्यांना धरून मध्ये उभं केलं. त्याच रात्री तो फोटो व्हिडिओत टाकला. ६० फ्रेमची जागा तयारच होती. मामांना पेनड्राइव्हवर दिलेली कॉपी तीच. २०२० ची जागा अजून काळी आहे. त्या बॅचचं कोणी हे वाचत असेल तर मामांकडे एक चक्कर मारा आणि फोटो पाठवा.

तर मंडळी, घरी आजी-आजोबांचे अल्बम असतीलच. सहाशे डीपीआयने स्कॅन करा, चौकटी स्वतः आखा, आणि बटण दाबण्याआधी एकदा तपासा, की ज्याच्यासाठी हे सगळं करतोय त्याचं डोकं तर कापलं जात नाही ना! काही अडलं तर हॉस्टेलवर या. चहा मात्र तुमच्याकडून.