जुलाबाची साथ : आधी नमुना, मग गोळी! रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात?

पावसाळ्यात एखाद्या गावात गॅस्ट्रोची साथ येते. आरोग्य केंद्राचे लोक काही रुग्णांच्या शौचाचे नमुने घेऊन जातात आणि मग गावात एकच प्रश्न : रिपोर्ट आला का? 'दाबून ठेवला असेल' असंही कुणीतरी म्हणतंच. खरं कारण साधं आहे. प्रयोगशाळेत जंतू आधी वाढवावे लागतात आणि ते आपल्या घाईने वाढत नाहीत.

कॉलऱ्याचंच बघा. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट, पाण्यासारखे जुलाब होत असतील तर त्याचा संशय घेतात. साध्या डबीतला नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. खेड्यातून ते कुठलं जमायला! म्हणून कापसाची काडी नमुन्यात बुडवून 'कॅरी-ब्लेअर' नावाच्या जेलीसारख्या माध्यमात खोचून पाठवतात. त्यात जंतू जिवंत राहतात. कॉलऱ्याच्या जंतूला थंडी सोसत नाही, त्यामुळे ही बाटली बर्फात ठेवत नाहीत.

प्रयोगशाळेत हा नमुना 'टीसीबीएस' नावाच्या हिरवट प्लेटवर पसरून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी पिवळे ठिपके उगवले तर संशय बळावतो. मग तो कॉलराच आहे ना, याची वेगळी खात्री करतात. त्यानंतर जंतूंच्या थरावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ दिसलं, तर ते औषध लागू पडतं. यात आणखी एक दिवस जातो.

आपल्याकडे घोळ होतो तो त्याआधीच. जुलाब लागले की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून घेतल्या जातात. मग नमुन्यातले जंतू मरतात किंवा अर्धमेले होतात, प्लेटवर काही उगवत नाही आणि रिपोर्ट येतो 'जंतू आढळले नाहीत'. गाव निर्धास्त होतं आणि त्याच विहिरीचं पाणी पीत राहतं. म्हणून नमुना गोळीच्या आधी द्या. ओआरएस किंवा सलाईनने मात्र नमुना बिघडत नाही, तेव्हा ते क्षणभरही थांबवू नका. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

या प्लेटवर विषाणू दिसत नाहीत. लहान मुलांचे बरेच जुलाब रोटासारख्या विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. ओआरएस आणि झिंक द्यायचं. आणि हो, जुलाबासाठी कुणी 'विडाल' करायला सांगितली तर कशासाठी ते विचारा. ती टायफॉइडची रक्ततपासणी आहे, जुलाबाचा जंतू त्यात कळत नाही.

नमुना देताना आशाताईंना तीन गोष्टी सांगा : जुलाब कधी सुरू झाले, पाणी कुठलं प्यायलात आणि आधी कोणती गोळी घेतली. घेतली असेल तर लपवू नका, त्यावरूनच रिपोर्टचा अर्थ लावतात.