परसातली अंबाडी आणि घरच्या बाईचं ताट

पावसाळ्यात भाजीबाजारात जाऊन आलं की पिशवी हलकी आणि पाकीट त्याहून हलकं, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? मेथीची जुडी सोडावी तर आत निम्मी सडलेली. कोथिंबिरीचा भाव विचारायचीच सोय नसते! अशा वेळी घरामागच्या चार हात जागेची आठवण होते. एरवी तिथे मोडकी खुर्ची, रिकामे डबे आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढंच असतं.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा नावाचं गाव आहे. संत सोनाजी महाराजांचं गाव म्हणून वऱ्हाडात ते ओळखलं जातं. वरच्या बाजूला अंबाबरव्याचं जंगल, तर खालच्या बाजूला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे एका घरी मी जेवायला गेले होते. मागचं दार उघडलं तर मोरीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, कुंपणाशी शेवगा, मांडवावर दोडक्याचा वेल, चार वांगी, मिरच्या आणि एका वाफ्यात कमरेएवढी अंबाडी! सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, तर पायरीशीच.

जेवण काय सांगू! अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर लसणाची फोडणी. आम्ही सगळे पोटभर जेवलो. घरच्या वहिनींना "तुम्ही पण बसा ना," म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "तुमी बसा जेवाले, माह्यं होईन मंग." त्या बसल्या तेव्हा मी हात धुऊन आत डोकावले. पातेल्याच्या बुडाला राहिलेली भाजी भाकरीने पुसून घेत होत्या. भाजी त्यांनीच पेरलेली, त्यांनीच खुडलेली, शिजवलेलीही त्यांनीच. त्यांच्या वाट्याला आलं ते पातेलं.

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्या घरी याहून वेगळं काही होतं का?

शंभरातल्या चोपन्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहिले तेव्हा मला ते पातेलं आठवलं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात, आणि आपण म्हणतो, "कामाचा शीण आहे, दुसरं काय!"

बाईला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेलं रोजचं प्रमाण पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम असं आहे. ज्याची गरज जास्त, त्यानेच शेवटी उरलंसुरलं खायचं, असा हा आपला उलटा हिशोब! रोज निदान १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी पोटात जावी असं आहारतज्ज्ञ सांगतात. शंभर ग्रॅम म्हणजे निवडलेल्या पानांच्या दोन-तीन मुठी. परसात वाफा असेल तर ही काही मोठी गोष्ट नाही.

मात्र पालेभाजीतलं लोह सगळंच्या सगळं अंगी लागत नाही. त्यासाठी तीन सवयी लावून घ्या. भाजीवर लिंबू पिळा, किंवा सोबत कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा काहीतरी घ्या. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. दुसरं, जेवण झाल्याबरोबर चहा नको. चहा लोहाची वाट अडवतो, तेव्हा मध्ये तासभर जाऊ द्या. तिसरं म्हणजे लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. तिच्यात शिजलेल्या भाजीत थोडं लोह उतरतंच, आंबट भाजीत तर जास्तच. भाजी जरा काळपट दिसेल, पण झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढली म्हणजे चव बिघडत नाही. आणि हो, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर भाजी खाते म्हणून त्या बंद करायच्या नाहीत बरं का!

अंबाडीची भाजी

शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रसादात पिठलं-भाकरीसोबत जिला मान आहे, ती ही वऱ्हाडची भाजी. चार मुठी निवडलेली अंबाडी, पाव वाटी तूरडाळ, दोन मोठे चमचे ज्वारीच्या कण्या (नसल्या तर तांदळाच्या), मूठभर शेंगदाणे, तीन-चार हिरव्या मिरच्या. अंबाडी पाण्यात एक उकळी काढून घ्या आणि जास्तीचं आंबट पाणी निथळू द्या. अगदी कोरडी पिळू नका, नाहीतर सत्त्व निघून जातं. डाळ, कण्या आणि दाणे मऊ शिजवून त्यात अंबाडी व मिरच्या घाला. मीठ, गुळाचा लहानसा खडा घालून चांगली घोटा. वरून भरपूर लसूण आणि लाल मिरचीची खमंग फोडणी. ताटात वाढल्यावर वर थोडं कच्चं तेल घेतात, तेही करून पाहा.

कोहळ्याची बोंडं

वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. वेल एकदा कुंपणावर चढला की फळं देतो, आणि पक्कं कोहळं महिना-दोन महिने घरात टिकतं. दोन वाट्या कीस, पाऊण वाटी गूळ एकत्र शिजवून गार करा. त्यात चिमूटभर मीठ, वेलची, खसखस आणि मावेल तेवढी कणीक घालून सैलसर भिजवा. तेलात लहान लहान बोंडं सोडून मंद आचेवर तळा. मुलं शाळेतून आली की डबा रिकामा!

जागा कमी, पाणी कमी

परस नसेल तर गच्ची किंवा गॅलरी चालते. जुनी बादली, तेलाचा डबा, फुटका माठ यांना तळाशी भोकं पाडा. निम्मी माती, निम्मं शेणखत किंवा घरच्या कचऱ्याचं खत भरा. धणे चोळून दोन फाकी करून पेरले की सांभार चांगला उगवतो. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. अंबाडी पाऊस लागला की पेरावी; शेंडे खुडत राहिलं की फुटवे येत राहतात. शेवग्याची मनगटाएवढी फांदी जूनमध्ये कुंपणाशी रोवली की पुढे कोवळ्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी किंवा थालीपीठ कधीही करता येतं. मावा पडला तर सकाळी दवावर चुलीची राख भुरभुरावी.

पाण्याचं म्हणाल तर डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना पुरतं. खारपाणपट्ट्यातल्या बहिणींनी विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी वाफ्याला घालू नये. त्याने माती कडक होते आणि रोपं पिवळी पडतात. पावसाचं साठवलेलं आणि धुण्या-विसळण्यातलं गोडं पाणीच वापरावं.

बी दरवर्षी विकत घेण्याचं कारण नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं घराघरांतून जमवून जपलं आणि बायकांच्या परसबागांत पोचवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण निदान एक झाड बियाण्यासाठी राखून ठेवावं. बी वाळवून राखेत घोळून बाटलीत भरावं, आणि शेजारणीला चिमूटभर द्यावं.

रोडग्यांचा दिवस

आता भाजायचा एक प्रकार. चार वाट्या जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ आणि पाव वाटी तेल घालून घट्ट भिजवा. तीन-चार लहान पुऱ्या लाटून तेलाचा हात लावत एकीवर एक ठेवा आणि कडा वळवून पेरूएवढा गोळा करा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून, उलटसुलट करत खरपूस भाजतात. शहरात गॅस तंदूर किंवा ओव्हन चालतो. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा उलटा. फोडून त्यावर तूप सोडायचं आणि वरण व परसातल्या वांग्यांच्या झणझणीत भाजीसोबत खायचं.

या रोडग्यांची एक गंमत आहे. शेतात किंवा देवाच्या आवारात रोडगे घातले की आर सांभाळायला बहुधा पुरुषमंडळीच असतात. कणीक तेच भिजवतात, निखारे तेच सारतात, वाढतातही तेच. बायका पंगतीत बसतात आणि गरम गरम खातात. म्हणजे यांना येतं हो सगळं!

मग तो दिवस वर्षातून एकदाच का? रविवारी भाकरी कुणी भाजावी, भाजी कुणी वाढावी, हे घरात बोलून पाहा. तेही नाही जमलं तर एवढं तरी करा: भाजी उतरवलीत की सगळ्यांत आधी आपली वाटी भरून झाकून ठेवा. त्यात चोरी कसली? वाफा आपण लावला, पाणी आपण घातलं. सोनाळ्याच्या त्या वहिनींना निघताना मी हेच सांगितलं. त्या लाजून हसल्या. पण मागच्या दारी जाऊन त्यांनी अंबाडीच्या बियांची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "लावा, अन् तुमीबी खा बरं बाई."