फिरत्या दवाखान्यासाठी जड ट्रकची निवड : ॲक्सलवरील भाराचा हिशेब

छत्तीसगडमध्ये 2019 साली हाट-बाजार क्लिनिक योजना सुरू झाली. आठवडी बाजारात लोक जमतात, तिथेच दवाखाना न्यायचा, ही तिची कल्पना. समजा, असाच एक मोठा दवाखाना रायपूरहून बस्तरकडे पाठवायचा आहे. त्यात क्ष-किरण खोली, पाण्याची टाकी, जनित्र आणि कर्मचाऱ्यांची झोपण्याची जागा आहे. रचनेच्या दृष्टीने हा कॅम्परच आहे : ट्रकच्या चॅसीवर बसवलेली, कायम भरलेली खोली. तिच्यासाठी ट्रक कसा निवडावा, हे या पाठात पाहू.

एकूण वजन पुरेसे नाही

गाडीचे मोकळे वजन आणि सर्व सामान, माणसे, पाणी, इंधन मिळून एकूण वजन होते. 2018 साली केंद्र सरकारने दोन ॲक्सलच्या ट्रकची ही मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली. चार टायरच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन झाली. या दोन्ही मर्यादा स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. पहिली पाळली गेली म्हणजे दुसरीही पाळली गेली, असे होत नाही.

उदाहरण (आकडे गृहीत)

दोन ॲक्सलमधील अंतर 5 मीटर. केबिनसह चॅसी 5,500 किलो. त्यापैकी पुढच्या ॲक्सलवर 3,500, मागच्यावर 2,000. खोली व उपकरणे 9,000 किलो. त्यांचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या 0.5 मीटर पुढे.

पुढच्या ॲक्सलवर येणारा भार = 9,000 × 0.5 ÷ 5 = 900 किलो. उरलेले 8,100 मागे. म्हणजे आता पुढे 4,400, मागे 10,100.

आता टाकी आणि जनित्र मिळून 1,500 किलो बसवायचे आहेत.

*पर्याय 1 :* शेपटाकडे, मागच्या ॲक्सलच्या 1.5 मीटर मागे. तरफेच्या नियमाने पुढचा भार 1,500 × 1.5 ÷ 5 = 450 किलोने घटतो आणि मागचा 1,950 ने वाढतो. पुढे 3,950, मागे 12,050.

*पर्याय 2 :* मागच्या ॲक्सलच्या 1.5 मीटर पुढे. पुढे 4,850, मागे 11,150.

दोन्हींत एकूण वजन 16,000 किलोच आहे, म्हणजे मर्यादेच्या बरेच खाली. तरीही पहिल्या पर्यायात मागचा ॲक्सल 550 किलोने जास्त भरला. शिवाय पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा उरला. चालकाला गाडी वळवायची असते ती याच चाकांच्या पकडीवर.

घाट आणि उंची

रायपूर–जगदलपूर रस्त्यावर केशकालचा घाट लागतो. वळणावर गाडी कलंडण्याला होणारा विरोध स्थूलमानाने चाकांमधील निम्मे अंतर ÷ गुरुत्वमध्याची उंची एवढा असतो. निम्मे अंतर 0.9 मीटर धरले, तर गुरुत्वमध्य 1.5 मीटरवर असताना हे गुणोत्तर 0.6 येते, 1.8 मीटरवर 0.5. स्प्रिंग आणि टायर दबल्याने प्रत्यक्षात ते याहूनही कमी असते. म्हणून टाकी छतावर न ठेवता चॅसीलगत ठेवावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी हेलकावे खाते. त्यासाठी आत आडवे पडदे लावतात. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालचा गिअर वापरावा लागतो. निवडताना गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे का, हेही पाहावे. उन्हाळ्यातल्या तापल्या डांबरावर जादा भाराचा टायर फुटण्याचा धोका वाढतो.

निवडीचा क्रम

1. आधी सर्व सामानाची वजने आणि जागा मांडा. टाकी पूर्ण भरलेली धरा.
2. प्रत्येक ॲक्सलवरचा भार काढा.
3. त्याला पुरेल अशी चॅसी निवडा. उत्पादकाची मर्यादा कमी असेल तर तीच पाळा.
4. इंजिनाच्या ताकदीचा विचार त्यानंतर.
5. गाडी तयार झाल्यावर वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोला.

सराव : वरील उदाहरणात 1,500 किलोचा भार मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवला, तर मर्यादा पाळली जाईल का? नसेल, तर तो किमान किती पुढे सरकवावा लागेल?