कोल्हापुरी वहाण आणि क्लबचे दार

निपाणी, अथणी या बाजूला चर्मकार बांधवांच्या घरी आजही बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे बेतले जाते आणि त्याची वहाण चामड्याच्याच वादीने शिवली जाते. आपण तिला कोल्हापुरी म्हणतो. परंतु २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे असून बेळगाव त्यांपैकी एक आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने थेट त्याच घाटाच्या वहाणा मिरवल्या. गहजब झाला, कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला. गंमत अशी की, मिलानमध्ये जिला मान मिळाला ती वहाण पायात घालून आपल्याच मुलखातल्या कित्येक क्लबांचा उंबरा ओलांडता येत नाही.

हे क्लब आपल्याकडे आले ते गोऱ्या साहेबाच्या छावणीबरोबर. साहेब गेला, त्याची खुर्ची आपण घेतली आणि खुर्चीबरोबर भिंतीवरची नियमावलीही. बंद बूट हवेत, सदऱ्याला कॉलर हवी, तो विजारीत खोचलेला हवा. गोल्फच्या क्लबांत तर हे सोवळे अधिकच कडक.

नियम मुळातच वाईट असे कोणी म्हणू नये. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधले गोल्फ खेळाडू तांबडे कोट घालीत. लंडनच्या विंबल्डन कॉमनवर आजही तांबडा सदरा घालूनच खेळावे लागते. कारण ते मैदान सर्वांचे आहे आणि फिरायला आलेल्या माणसाला खेळाडू लांबून दिसला पाहिजे. बुटाच्या लोखंडी खिळ्यांनी हिरवळ उखडते म्हणून अनेक क्लबांनी तसले बूट बंद केले. हे नियम खेळासाठी आहेत. पण कॉलरचा आणि चेंडूचा संबंध काय, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

मुंबईचा विलिंग्डन क्लब लॉर्ड विलिंग्डन यांनी काढला, तो हिंदी आणि युरोपियन लोकांना एकत्र बसता यावे म्हणून. त्याच क्लबात १९८८ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना पायांत पादत्राण नाही म्हणून प्रवेश नाकारला गेला. हुसेन जन्माने पंढरपूरचे. जिथे विठोबाच्या दारी राजालाही पायताण बाहेर काढावे लागते, त्या गावच्या माणसाला अनवाणी आहेस म्हणून परत पाठवले! २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून आलेल्या मेघालयातील एका खासी बाईंना त्यांच्या पारंपरिक जैनसेम वेषामुळे जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगण्यात आले. त्या मोलकरणीसारख्या दिसतात, असे कारण सांगितले गेले. येथे नियमाचे पोट उघडे पडते. आक्षेप वेषाला होता की त्यावरून कल्पिलेल्या हलक्या पायरीला?

मी दरबारी गवयाचा मुलगा. तेव्हा पोशाखाचे बंधन मला परके नाही. पागोटे नीट बसल्याखेरीज वडील दरबाराला निघत नसत. दरबार काही समतेचे माहेरघर नव्हता, तिथेही पायऱ्या होत्याच. परंतु दरबार पोशाख मागे तसा देईही. कलावंताला शेला-पागोटे देऊन त्याचा मान वाढवण्याची रीत होती. आणि बैठकीचा नियम तर याहून सोपा: पायताण दाराशी, सरदाराचे आणि तबलजीचे शेजारी शेजारी. आत गालिच्यावर सगळेच अनवाणी.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्या एका क्लबाने वार्षिक समारंभात मला गायला बोलावले. धोतर, झब्बा आणि पायांत निपाणीहून घेतलेली वहाण. दारावरच्या माणसाने पायांकडे पाहिले, आत जाऊन विचारून आला आणि मोठ्या अदबीने मला स्वयंपाकघराच्या बाजूने नेले. तंबोरा मात्र पुढच्या दाराने गेला. त्याच्या गवसणीवर कोणाचा आक्षेप नव्हता. गाणे रंगले, दादही भरपूर मिळाली. माझ्याबरोबर साथीला माझा तरुण शिष्य होता. त्याने परतताना विचारले, ‘‘गुरुजी, पुढच्या वेळी मी बूट घालून येऊ का?’’ त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. मागच्या दाराचे मला फारसे वाटले नव्हते, त्या प्रश्नाचे वाटले.

सरकारने यात पडावे काय? तमिळनाडूत २०१४ साली वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना चेन्नईतील क्रिकेट क्लबाने अडवले, तेव्हा महिन्याभरातच कायदा झाला. वेष्टीमुळे प्रवेश नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. बंगळुरात २०२४ च्या जुलैमध्ये पंचा नेसलेल्या शेतकऱ्याला एका मॉलने रोखले, त्यावर तो मॉल सात दिवस बंद ठेवण्यात आला. कायद्याने दार उघडते हे खरे. पण आतल्यांची नजर बदलायची तर ते काम सभासदांनाच करावे लागते.

ते होतेही. स्कॉटलंडमधल्या म्युरफील्डच्या मैदानावर खेळणारी १७४४ सालची गोल्फ संस्था स्त्रियांना सभासद करून घेत नसे. २०१६ च्या मतदानात चौसष्ट टक्के मते सुधारणेच्या बाजूने पडली, पण दोन तृतीयांश हवी होती. ठराव पडला, आणि ओपन स्पर्धेच्या मैदानांच्या यादीतून म्युरफील्डचे नाव गेले. पुढल्याच वर्षी पुन्हा मतदान झाले आणि सुमारे ऐंशी टक्के सभासदांनी दार उघडले.

आपल्या जुन्या घरांतील पुष्कळ मंडळी अशा क्लबांची सभासद आहेत, कोणी आजोबांच्या वेळेपासून. वार्षिक सभेची सूचना त्यांच्या घरी येते. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने मला सांगितले, ‘‘पोशाखाचा विषय निघतो, पण आयत्या वेळच्या विषयांत, तेव्हा सगळ्यांचे लक्ष चहाकडे असते.’’ तो विषय आयत्या वेळी न काढता मुदतीत, लेखी, अनुमोदकाच्या सहीनिशी द्यावा. ठराव दोन ओळींचा पुरे: धोतर, लुगडे, झब्बा आणि कोल्हापुरी वहाण हा सभ्य पोशाख समजावा, खेळाच्या मैदानावर खेळाला लागेल तेवढेच बंधन असावे. पहिल्या सभेत तो पडला तर पुढल्या वर्षी पुन्हा मांडावा. तोवर माझा शिष्य तीच वहाण घालून साथीला बसेल, एवढे मी त्याला सांगितले आहे.