दोन गटांच्या वेळा इंग्रजीत सांगताना

वाशिममध्ये माझ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या एका मुलीने परवा वाक्य लिहून आणलं: ‘स्टाफ वर्क्स फ्रॉम 9:30 टू 6:30 अँड 9:45 टू 6:15.’

व्याकरण ठीक आहे. पण कोण किती वाजता येतं, तेच कळत नाही!

या वेळा सरकारी कार्यालयांच्या आहेत. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यातल्या बहुतेक सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेव्हा शिपायांची वेळ 9:30 ते 6:30 आणि बाकीच्यांची 9:45 ते 6:15 ठरली. शिपाई पाव तास आधी येणार, पाव तास उशिरा जाणार.

इंग्रजीत आधी माणूस सांगा, मग वेळ: ‘प्यून्स वर्क फ्रॉम 9:30 ए.एम. टू 6:30 पी.एम. ऑल अदर स्टाफ वर्क फ्रॉम 9:45 ए.एम. टू 6:15 पी.एम.’

सरळ दोन वाक्यं. शेवटी ‘रिस्पेक्टिव्हली’ लावून सगळं एकात कोंबणं मला अजिबात पटत नाही. वाचणारा जोड्या लावत बसतो.

आणखी एक. ‘अराइव्ह बिटवीन 9 अँड 10’ म्हणजे त्या तासात कधीही या. ‘अराइव्ह ॲट 9 ऑर 10’ म्हणजे नऊ किंवा दहा, मधलं काही नाही.

तुमच्या ऑफिसच्या वेळा कमेंटमध्ये मराठीत लिहा, वाक्य मिळून बनवू.